मोटारींतील ध्वनिवर्धक

पुण्याहून आगगाडीनें सोलापूरकडे जातांना दौंड मागें पडल्यावर आणि कुर्डुवाडी येण्यापूर्वीं जेऊर हें स्टेशन लागतें. हें गांव करमाळा तालुक्यांत आहे. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि जेथें पूर्वीं ज्वारीच्या कणसांवर वर्षाचा हिशेब मांडीत, तेथें ऊस व केळी यांचे मळे डोलूं लागले. दिवाळीच्या सुमारास साखर-कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे या बाजूच्या रस्त्यांवरून दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस जाऊं लागतात. ट्रॅक्टर दृष्टीस पडण्यापूर्वींच त्याच्यावरील गाणें कानीं पडतें; आणि तो दृष्टीआड झाल्यावरहि बराच वेळ खिडकीचीं तावदानें थरथरत राहतात. चाकांवर चालणारा हा आवाज येतो कोठून, तो नीट रीतीनें कसा बसवावा, आणि त्याला मर्यादा कोठें घालावी, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. हा विषय मला पुस्तकांतून सुचला नाहीं. तो मला जळक्या वासानें सुचविला.

माझे मामा जेऊर येथें राहतात. त्यांची केळीची बाग आहे आणि एक जुनी जीप आहे. या जीपमध्यें मोठा टेप व त्याच्या जोडीस ध्वनिवर्धक, म्हणजे ज्यास सर्व लोक अँप्लिफायर म्हणतात तें यंत्र, बसवावें, असा हट्ट गेल्या दिवाळीच्या सुटींत मींच धरला होता. दुसऱ्या एका गांवच्या कारागिराकडून एका दुपारींच तें काम उरकून घेतलें. आठ दिवस आम्ही मोठ्या ऐटींत हिंडलों. नवव्या दिवशीं आजीला दवाखान्यांत नेण्यासाठीं करमाळ्यास निघालों असतां वाटेंत रबर जळाल्यासारखी घाण येऊं लागली, आणि पाहतां पाहतां माझ्या पायांखालून धूर निघाला. मामांनीं किल्ली फिरवून इंजिन बंद केलें. तरी धूर थांबेना. “अरे, आधी आजीला उतरव!” असें ओरडून ते बॉनेटकडे धांवले, आणि दहा नंबरच्या पान्यानें त्यांनीं बॅटरीची तार सोडविली. तेव्हां कोठें तो प्रकार थांबला. मामांच्या दोन बोटांस फोड आले. आजी रस्त्याच्या कडेस दगडावर बसली होती. ती एवढेंच म्हणाली, “गाण्यापायी माणसं जाळाल रे बाबांनो.”

इंजिन बंद केल्यावरहि धूर कां थांबला नाहीं, हा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. जेऊरमध्यें एक वृद्ध वायरमन आहेत. त्यांना सारा गांव तात्या म्हणतो. दुसऱ्या दिवशीं मामा ती जीप घेऊन त्यांजकडे गेले, व मीहि बरोबर गेलों. तात्यांनीं जळालेली तार हातांत घेऊन पाहिली, आणि मला म्हणाले, “बाळ, आधी गणित कर, मग पक्कड धर.” पुढील दोन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून जें शिकलों तेंच येथें क्रमानें मांडतों.

प्रथम ध्वनिवर्धक म्हणजे काय, तें पाहूं. शेतांत पाण्याची पाळी चालू असतां दारें धरणारा गडी खोऱ्याभर माती इकडची तिकडे करतो आणि पाटाचा सर्व लोंढा त्याच्या मर्जीप्रमाणें या वाफ्यांतून त्या वाफ्यांत जातो. पाणी त्या गड्यानें निर्माण केलेलें नसतें. तें विहिरीचें किंवा कालव्याचें असतें. गड्याची शक्ति थोडी, पाण्याची फार. परंतु फारावर थोड्याचा ताबा चालतो. ध्वनिवर्धकाचें कार्य अगदीं असेंच आहे. टेपमधून येणारा गाण्याचा दुबळा विद्युत्प्रवाह हा खोऱ्याच्या जागीं, आणि बॅटरीचा जबर प्रवाह हा पाटाच्या पाण्याच्या जागीं समजावा. ध्वनिवर्धक शक्ति उत्पन्न करीत नाहीं, तो बॅटरीची शक्ति गाण्याच्या आकाराप्रमाणें स्पीकरकडे सोडतो. हें एक तत्त्व ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

ही युक्ति मनुष्यास साधली त्यास फार काळ लोटलेला नाहीं. अमेरिकेंतील ली डि फॉरेस्ट यानें १९०६ सालीं तीन अग्रांची निर्वात नळी तयार केली, आणि पुढें कांहीं वर्षांनीं तिच्याकडून ध्वनिवर्धनाचें काम घेतां येऊं लागलें. पॉल गॅल्व्हिन याच्या कंपनीनें १९३० सालीं मोटारींत बसविण्याचा रेडिओ विक्रीस काढला व त्यास मोटोरोला हें नांव दिलें. एक आवाज दोन वेगवेगळ्या मार्गांनीं दोन स्पीकरांत पोंचवून ऐकणाऱ्यास दिशेचा भास करून द्यावा, ही स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडली. १९४७ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि कांचेच्या नाजूक व तापट नळीची जागा वाटाण्याएवढ्या तुकड्यानें घेतली. आज मोटारींत जे ध्वनिवर्धक बसवितात ते सर्व याच ट्रान्झिस्टरच्या वंशांतील होत.

आतां कोणी विचारील कीं, टेपमध्यें स्वतःचा लहान वर्धक असतोच. मग दुसरा कशास पाहिजे? याचें उत्तर गणितांत आहे. मोटारीच्या बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असतो, व इंजिन चालू असतांना तो सुमारें १४ पर्यंत चढतो. सामान्य स्पीकरचा विरोध ४ ओहम धरतात. टेपच्या आंतील वर्धक स्पीकरच्या दोन्ही टोकांस आळीपाळीनें ओढून व ढकलून फार तर १२ व्होल्टचा दाब देऊं शकतो. गाण्यांतील दाब सारखा वरखालीं होत असल्यामुळें त्याचें परिणामी मूल्य काढण्यास १२ ला २ च्या वर्गमूळानें भागावें लागतें. तें सुमारें साडेआठ व्होल्ट येतें. त्याचा वर्ग ७२, आणि त्यास ४ ओहमनें भागिलें म्हणजे १८ वॅट. इंजिन चालू असतां हा आंकडा २५ च्या आसपास जाईल. त्यापुढें शुद्ध आवाज निघणें शक्यच नाहीं. खोक्यावर मोठमोठे आंकडे छापलेले असोत. १२ व्होल्टांपुढें छापखान्याचें कांहीं चालत नाहीं.

एका स्पीकरला १०० वॅट द्यावयाचे असतील, तर ४ ओहममधून २० व्होल्टचें परिणामी मूल्य, म्हणजे टोकाचा दाब २८ व्होल्ट पाहिजे. तो बॅटरींत नाहीं. म्हणून स्वतंत्र ध्वनिवर्धकाच्या पेटींत प्रथम दाब वाढविण्याची योजना केलेली असते. बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडून-जोडून एका लहान रोहित्रांतून नेतात. तेथें दाब वाढतो, आणि मग त्याचा पुन्हां सरळ प्रवाह करतात. निर्वात नळ्यांच्या काळांतील मोटार-रेडिओंतहि हेंच करावें लागे. त्या वेळीं एक थरथरणारी लोखंडी पट्टी हें काम करी, आज तें ट्रान्झिस्टर निमूटपणें करतो.

परंतु निसर्गाच्या दुकानांत उधारी नाहीं. दाब वाढविला म्हणजे बॅटरीकडून तितकाच अधिक प्रवाह घ्यावा लागतो. दोन स्पीकरांस प्रत्येकीं १०० वॅट दिले, आणि पेटीच्या आंत उष्णतेच्या रूपानें आणखी १०० वॅट गेले असें धरिलें, तर एकूण ३०० वॅट झाले. त्यास १२ नें भागतां २५ अँपिअर येतात. मोटारीचा पुढचा एक दिवा सुमारें ५ अँपिअर घेतो. म्हणजे गाण्याच्या जोरदार ठोक्याच्या क्षणीं तें यंत्र एकदम पांच दिव्यांइतका प्रवाह ओढतें. एवढा प्रवाह टेपच्या बारीक तारेनें नेणें म्हणजे पाटाचें पाणी पिचकारीच्या नळींतून नेण्यासारखें आहे. म्हणून ध्वनिवर्धकासाठीं बॅटरीपासून निराळी जाड तार ओढावी लागते. आणि ती थेट बॅटरीवरून आलेली असल्यानें गाडीच्या किल्लीचा तिच्यावर कांहींच अधिकार नसतो. आमच्या जीपचें इंजिन बंद केल्यावरहि धूर कां थांबला नाहीं, याचा अर्धा उलगडा येथें झाला.

तार किती जाड असावी, हेंहि गणितानेंच ठरतें. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार, म्हणजे घरांतील दिव्यांसाठीं वापरतात तशी, पांच मीटर घेतली, तर तिचा विरोध सुमारें ०.०५७ ओहम भरतो. तिच्यांतून २५ अँपिअर नेले तर वाटेंतच जवळजवळ दीड व्होल्ट गळतात, आणि ३५ वॅटांहून अधिक उष्णता त्या तारेंत सांठते. याउलट १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घेतली तर गळती व्होल्टच्या सातव्या हिश्शाहून अधिक होत नाहीं. बाजारांत कांहीं तारा वरून अंगठ्याएवढ्या दिसतात, परंतु त्यांत वेष्टणच फार असतें; कांहींत तांब्याच्या ऐवजीं तांब्याचा मुलामा दिलेलें अल्युमिनियम असतें. चाकूनें टोंक खरवडून आंतील धातु पाहिल्याशिवाय तार विकत घेऊं नये.

आतां उरलेला अर्धा उलगडा. मोटारीच्या बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेलें असतें. म्हणजे सर्व पत्रा हाच जणूं दुसरी तार झाला. धन टोंकाकडून आलेली तार कोठेंहि उघडी पडून पत्र्यास टेंकली कीं बॅटरी स्वतःशींच जोडली जाते, आणि शेंकडों अँपिअरचा प्रवाह वाहूं लागतो. आमच्या जीपमध्यें ती तार इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भोंकांतून तशीच ओढलेली होती. खडबडीत रस्त्यावर आठ दिवस हादरे बसून भोंकाच्या धारेनें तिचें वेष्टण कापलें, आणि नवव्या दिवशीं तांबें पत्र्यास भेटलें. वाटेंत फ्यूज असता तर तो क्षणांत वितळून मार्ग तुटला असता. फ्यूज मुळींच बसविलेला नव्हता! कारागिरास विचारलें तेव्हां उत्तर मिळालें कीं, यंत्राच्या पेटीवर फ्यूज आहेच. तात्या म्हणाले, “तो फ्यूज यंत्राचा. तारेचा फ्यूज कुठं आहे?” बॅटरीजवळचा फ्यूज हा यंत्रासाठीं नसून तारेसाठीं असतो, हें मीं त्या दिवशीं शिकलों. तो बॅटरीपासून एक हाताच्या आंत असावा. कारण बॅटरी व फ्यूज यांमधील जेवढा तुकडा, तेवढा निराधार राहतो. आमच्या यंत्रास ३० अँपिअरचा फ्यूज पुरला. फ्यूज वारंवार उडूं लागला तर मोठा फ्यूज घालणें किंवा त्याच्या जागीं तारेचा तुकडा गुंडाळणें म्हणजे राखणदारास विष घालण्यासारखें आहे.

यानंतर तात्यांनीं सर्व जोडणी नव्यानें केली. त्यांचा क्रम असा होता. पहिल्यानें बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें. काम संपेपर्यंत तें जोडलें नाहीं. मग पत्र्याच्या भोंकाची धार कानशीनें मोडून त्यांत रबराचें कडें बसविलें, आणि तार त्यांतून नेऊन वर लवचीक नळी चढविली. यंत्राची पेटी मागच्या बैठकीखालीं, सभोंवतीं वारा खेळेल अशी लांकडी फळीवर बसविली. कोठेंहि भोंक पाडण्यापूर्वीं ते गाडीखालीं निजून पेट्रोलची टाकी व ब्रेकची नळी कोठें आहे तें पाहून येत. ऋण तार जवळच्या सांगाड्यास जोडतांना त्यांनीं काचकागदानें तेथील रंग पुरा खरवडून चकचकीत धातु उघडा केला. रंगावर कसलेला बोल्ट कितीहि घट्ट असला तरी विजेस बंद दारच असतो. ही तार धन तारेइतकीच जाड व शक्य तितकी आंखूड ठेविली. कारण जितका प्रवाह जातो तितकाच परत येतो.

नंतर टेपपासून यंत्रापर्यंत एक बारीक तार ओढली. टेप सुरू केला म्हणजे ती यंत्रास जागें करते, आणि टेप बंद केला म्हणजे निजविते. ही तार भलतीकडे जोडली तर यंत्र रात्रभर जागें राहतें आणि सकाळीं बॅटरी उतरलेली सांपडते. गाण्याच्या तारा मात्र त्यांनीं जाड तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगानें नेल्या. इंजिन वाढविलें कीं स्पीकरांतून एक शीळ ऐकूं येते व ती इंजिनाबरोबर चढत जाते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. ती शीळ अल्टर्नेटरची. यंत्र व टेप हीं सांगाड्यास निरनिराळ्या ठिकाणीं जोडलेलीं असून एखादा सांधा ढिला असला, म्हणजे त्या दोन ठिकाणांच्या दाबांतील सूक्ष्म फरक गाण्याच्या तारेंत शिरतो, आणि वर्धक इमानानें त्यासहि मोठा करतो. उपाय बहुधा सांधे खरवडून घट्ट करण्यांतच असतो.

स्पीकर जोडतांना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, दोन्ही स्पीकरांचीं धन व ऋण टोकें सारखीं जुळलीं पाहिजेत. एकाचीं उलटीं झालीं, तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, आणि ढोलकीचा ठेका हवेंतल्या हवेंत विरून जातो. दुसरी, ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागीं समांतर जोडले तर विरोध २ ओहम होतो व प्रवाह दुप्पट होतो. यंत्राची तेवढी तयारी नसेल तर तें तापून बंद पडतें किंवा जळतें.

सर्वांत शेवटीं पेटीवरील लहान खुंटी फिरवावयाची. लोक तिला आवाज वाढविण्याची खुंटी समजतात. वस्तुतः टेपकडून येणाऱ्या प्रवाहाशीं यंत्राचा मेळ घालण्याची ती खुंटी आहे. ती प्रमाणाबाहेर फिरविली तर लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज चिरका होतो, आणि त्या छाटलेल्या लाटेच्या उष्णतेनें लहान स्पीकर प्रथम जळतो. तात्यांनीं टेपचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून ही खुंटी हळूहळू फिरविली, आणि फाटण्याची पहिली चाहूल लागतांच किंचित् मागें घेतली.

येथवर जोडणीचें शास्त्र झालें. आतां मर्यादेचा प्रश्न. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज असें आपणांस वाटतें, पण कान तसें मोजीत नाहीं. शक्ति दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबेलनें वाढतो. तो कानास दुप्पट वाटावयास शक्ति सुमारें दसपट करावी लागते. म्हणून वॅटांच्या मागें धांवणारा कधींच तृप्त होत नाहीं. कान मात्र मुकाट्यानें झिजत असतात. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसास आठ तास सोसावा, आणि पुढें दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा करावा, असें आरोग्यशास्त्रज्ञ सांगतात. या हिशेबानें १०० डेसिबेलच्या आवाजास अवघा पाव तास मिळतो. कानाच्या आंतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्यास त्या पुन्हां फुटत नाहींत. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांत लोकवस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे, व शाळा, रुग्णालयें आणि न्यायालयें यांच्या सभोंवतीं शंभर मीटरपर्यंत शांतता-क्षेत्र ठरविण्याची तरतूदहि आहे.

तात्यांच्या ओट्यासमोर त्याच वेळीं एक उसाचा ट्रॅक्टर चहासाठीं थांबला. मामांनीं चालकास विचारलें, “एवढ्या आवाजात मागची एस. टी. हॉर्न देते ते तुम्हाला ऐकू येतं का?” तो तरुण प्रामाणिक होता. म्हणाला, “नाही येत, साहेब. पण टेप नसला तर डोळा लागतो. दोन रात्री जागाच आहे.” या उत्तरानें मी विचारांत पडलों. दूरून ज्यास आपण उन्माद म्हणतों, तो जवळून पाहिला तर झोपेशीं चाललेला झगडा निघाला. परंतु ज्या आवाजानें तो जागा राहतो, त्याच आवाजानें मागून पुढें जाऊं पाहणारा मनुष्य त्याच्या लेखीं नाहींसा होतो. आणि उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्यांआड आरशांतहि मागचें कांहीं दिसत नाहीं.

तात्यांनीं त्यास रागें भरलें नाहीं. ते म्हणाले, “पोरा, टपावरचा कर्णा मागच्या गावाला ऐकवतोस, तो कानाजवळ आण.” यांतहि गणित आहे. उघड्या जागीं अंतर निम्मे केलें तर तितक्याच शक्तींत आवाजाची तीव्रता चौपट होते; दहा फुटांवरील स्पीकर अडीच फुटांवर आणिला तर ती सोळापट होते. म्हणजे चालकास थोड्या वॅटांत गाणें स्पष्ट ऐकूं येईल, आणि रस्ता आपल्या आवाजास मोकळा राहील. “आणि डोळा लागायला लागला, तर त्याचं औषध गाणं नाही, घटकाभर झोप आहे,” असेंहि त्यांनीं त्यास बजावलें. त्यानें ऐकलें कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. पण जातांना त्यानें टेपचा आवाज कमी केला, एवढें खरें.

संध्याकाळीं आम्हीं आमच्या जीपची परीक्षा घेतली. मामा आंत कांचा लावून बसले. मी शेजाऱ्यांची मोटारसायकल घेऊन पन्नास पावलें मागें उभा राहिलों आणि थांबून थांबून हॉर्न वाजवूं लागलों. हॉर्न ऐकूं आला कीं मामा हात वर करीत, आणि आवाज थोडा वाढवीत. अखेर एक वेळ अशी आली कीं मीं तीनदां हॉर्न दिला तरी त्यांचा हात वर झाला नाहीं. त्या जागेपासून खुंटी थोडी मागें घेतली, आणि आजीनें त्या ठिकाणीं कुंकवाचा एक ठिपका लाविला. पुढें मामांनीं त्यावर लाल रंग दिला. ही परीक्षा कोणासहि करतां येण्यासारखी आहे. तिला एक मोटारसायकल व पन्नास पावलें मोकळी जागा, एवढेंच लागतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आजीला घेऊन पुन्हां करमाळ्यास निघालों. मामांनीं टेप लाविला. आजी मागें बसून कांहीं वेळ ऐकत होती, मग म्हणाली, “आता गाणंबी ऐकू येतंय, अन् तुमचं बोलणंबी.” मोटारींतील ध्वनिवर्धक चांगला बसला आहे कीं नाहीं, याची याहून निराळी कसोटी मला अद्याप सांपडलेली नाहीं.